शब्दचर्चा: 'जलद्वेषी' की 'निर्लेप'?

फोंड्याहून प्रश्न: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मराठी फलक लिहितेय. कमळाच्या पानावरून सुचलेले रंग आणि लेप असतात ना, ज्यांच्यावर पाणी ठरत नाही, त्यांना काय म्हणावं? 'सुपरहायड्रोफोबिक' आठवीच्या मुलांसाठी जड, 'जलद्वेषी' फार पुस्तकी. 'निर्लेप' चालेल का?

म्हापशाहून: 'निर्लेप' म्हटलं की तवाच आठवतो हो! आणि 'निर्लेप लेप' कसं वाचायचं? शिवाय अर्थ उलटा जातो. तव्यावरचा टेफ्लॉनचा थर गुळगुळीत असतो. त्यावर पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी साधारण ११० अंशांचा कोन करतो (कोन जितका मोठा, तितका थेंब गोल), त्याहून फार पुढे जात नाही. कमळाचं पान सूक्ष्मदर्शकाखाली चक्क खडबडीत दिसतं: बारीक उंचवटे, त्यांच्यावर मेणाच्या त्याहून बारीक नळ्या. थेंब फक्त टोकांवर टेकतो, खाली हवा अडकते, कोन १५० अंशांच्या वर जातो. घरंगळताना तो धूळही उचलून नेतो. बॉन विद्यापीठातल्या बार्थलॉट आणि नाइनहाउस यांनी १९९७ साली हे नीट मांडलं. गुळगुळीत तेवढं स्वच्छ, ही आपली समजूत इथे पार उताणी पडते.

काणकोणहून: कमळ शोधायला कुठे जाता? पावसात कुंपणाकडेला तेरें (रानटी अळू) उगवतं, त्याच्या पानावरही तेच दिसेल. 'अळवावरचं पाणी' आपण क्षणभंगुर म्हणून वापरतो. सगळं लक्ष थेंबावर, पानाची दखलच नाही.

मडगावहून: 'जलद्वेषी'वर माझा आक्षेप वेगळा आहे. गुलाबाच्या पाकळीवरही थेंब १५० अंशांच्या वर गोल बसतो, पण पाकळी उलटी धरली तरी पडत नाही! द्वेष म्हणावा तर दोन्हीकडे सारखाच. फरक आहे तो सोडून देण्यात, आणि शब्दात तोच यायला हवा. मी तरी 'पाणी ठरू न देणारा लेप' म्हणेन. लांब आहे, पण मुलाला लगेच कळतं.

वास्कोहून: मोरीच्या (शार्क माशाच्या) कातडीवरून केलेले पृष्ठभाग मात्र यात घालू नका. तिच्या कातडीवर शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवा, किसणीच. फ्लोरिडा विद्यापीठात ब्रेनन यांनी त्यावरून नौकांच्या तळासाठी सुमारे २ मायक्रॉन रुंद कंगोऱ्यांची नक्षी केली. काम पाणी झटकण्याचं नाही, शेवाळाच्या बीजाणूंना बसू न देण्याचं. तिथे 'बस्तान-रोधक' म्हणा हवं तर.

फोंड्याहून: 'बस्तान-रोधक' गमतीचा आहे, मुलांना आवडेल. कमळाच्या फलकावर मडगावचंच वाक्य घालते. आता पालीच्या पायावरून केलेल्या पट्ट्या राहिल्या. 'चिकट' लिहू?

म्हापशाहून: नको. तिथे डिंकासारखं काहीच नसतं. तळव्यावरच्या अतिसूक्ष्म केसांची टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की रेणूंमधलं आकर्षणच पुरतं. 'पकड घेणारी पट्टी' लिहा.