'ब्लाइंडसाइट': कल्पनेला सलाम, सांगण्यावर राग

अर्धवट_वाचक

पीटर वॉट्सची 'ब्लाइंडसाइट' (2006) अखेर वाचून झाली. डोकं भणभणतंय आणि चिडचिडही होतेय. ज्यांनी वाचली आहे त्यांच्याशी भांडायचं आहे, म्हणून हा धागा. पुढे रसभंग आहे, शेवट कळू नये असं वाटणाऱ्यांनी इथूनच मागे फिरावं.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. 13 फेब्रुवारी 2082 ला पृथ्वीच्या चहूबाजूंनी 65,536 उपकरणं एकाच वेळी पेटतात आणि जळून जातात. कुणीतरी आपल्या अख्ख्या ग्रहाचा फोटो काढून नेलाय. (65,536 म्हणजे दोनाचा सोळावा घात. संगणकवाल्यांना इथेच गुदगुल्या.) मग 'थीसियस' नावाचं यान सूर्यमालेच्या पार कडेला, ऊर्ट मेघात, गुरूहून मोठ्या एका काळोख्या गोळ्यापाशी जातं. तिथे 'रोर्शाक' नावाची परकी रचना वाढत असते. यानात डोक्यात अनेक व्यक्ती नांदवणारी भाषातज्ज्ञ, यंत्रांतून पाहणारा जीवशास्त्रज्ञ, एक सेनाधिकारी बाई, या सगळ्यांचा म्होरक्या म्हणून चक्क एक व्हॅम्पायर, आणि निवेदक सिरी कीटन. अपस्मारावरचा इलाज म्हणून लहानपणी सिरीचा अर्धा मेंदू काढून टाकलेला. अतिहुशार लोकांचं बोलणं स्वतःला न कळता दुसऱ्यापर्यंत नेमकं पोचवायचं, हा त्याचा पेशा.

गाभ्यातली कल्पना जबरदस्त आहे. बुद्धी आणि जाणीव या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. रोर्शाकमधले जीव आपल्यापेक्षा कितीतरी हुशार आहेत, पण आत 'मी' म्हणणारं कुणीच नाही. वॉट्स त्याहून पुढे जातो: जाणीव ही कमाई नाहीच, ओझं आहे. खर्चीक, संथ आणि बहुधा निरुपयोगी. हे वाचून झाल्यावर दोन दिवस माणसांशी बोलताना विचित्र वाटत होतं.

आता राग. अवघडपणा दोन जातींचा असतो. कल्पना अवघड असेल तर मी हसत घाम गाळीन. पण यानात कोण कुठे उभं आहे, आत्ता बोललं कोण, फुटलं काय, हे कळायला तीन-तीनदा मागे जावं लागत असेल तर तो अवघडपणा कशासाठी सोसायचा? भाषातज्ज्ञ बाईच्या डोक्यातल्या व्यक्ती वाक्यावाक्याला बदलतात आणि लेखक सांगायची तसदी घेत नाही. व्हॅम्पायर सरास्ती कोड्यात बोलतो, जीवशास्त्रज्ञ श्पिंडेल अर्ध्या वाक्यात, आणि सिरी सगळं काचेपलीकडून.

माझं मत: कल्पनेला दहापैकी नऊ, सांगण्याला चार. बोला.


शून्यवादी

चारच कशाला देताय? माझे सांगण्यालाही दहा. तुम्हाला जे खटकलं तीच तर कादंबरी आहे. सिरी काय करतो? न समजता पोचवतो. तुम्ही त्याच्या डोळ्यांनी वाचताय, म्हणजे तुमच्या वाट्यालाही तेच येणार: नक्षी दिसते, अर्थ हुलकावणी देतो. लेखकाने सगळं नीट उलगडून सांगितलं असतं तर जाणीव आणि बुद्धी वेगळ्या आहेत हे फक्त ऐकलं असतंत. इथे ते भोगावं लागतं.

आणि रोर्शाकच्या आत प्रचंड चुंबकीय क्षेत्रांमुळे सगळ्यांचे मेंदू बिघडतात. सेनाधिकारी बाई आपण मेलोय असं मानू लागते. तिथे स्वच्छ नकाशा हवा म्हणणं म्हणजे हद्द आहे.


अर्धवट_वाचक

रोर्शाकच्या आतलं मी सोडूनच देतो, तिथला गोंधळ मला आवडला. माझी तक्रार यानातल्या प्रसंगांची आहे. सिरीला माणसांच्या भावना आतून कळत नाहीत, मान्य. पण खोलीत कोण कुठे आहे ते तर त्याला दिसतं ना? उलट बाहेरचं टिपण्यात तो सगळ्यांहून तरबेज! बोटांची हालचाल, मानेचा कोन, आवाजातला कंप यांवरच त्याचं पोट आहे. म्हणजे तुमच्याच तर्काने त्याचं दृश्यवर्णन सर्वांत काटेकोर असायला हवं होतं. निवेदकाचं व्यंग हे लेखकाच्या आळसाचं पांघरूण होऊ शकत नाही.


तिरकस

हा मुद्दा बिनतोड आहे. शून्यवादी, उत्तर द्या आता.


जुनं_खोड

मी अर्ध्यात सोडली. व्हॅम्पायर आला तिथेच. इतकं कडक विज्ञान मांडायचं आणि मधेच रक्तपिपासू? म्हणे ती माणसाचीच एक नामशेष शाखा, काटकोन दिसले की झटके यायचे, म्हणून माणसाने घरं बांधायला सुरुवात केल्यावर संपली, आणि आता जनुकशास्त्राने परत आणलीये. ऐकायला गंमत आहे. पण मग झाडाझुडपांत काटकोन नव्हते का? फांदी खोडाला आडवी जातेच की कुठेतरी. क्षितिज आणि ताठ उभं झाड, झाला काटकोन.

आमची पिढी नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढली. तिथे एक गोष्ट पक्की असायची: वाचकाला विज्ञान समजलं पाहिजे ही लेखकाची जबाबदारी. इथे जबाबदारी वाचकावर ढकललेली आहे आणि वर त्याचाच माज.


शून्यवादी

खोडसाहेब, व्हॅम्पायर हा शोभेचा नाही. तो नसता तर युक्तिवाद लंगडा राहिला असता. परके जीव कितीही हुशार असोत, ते परकेच, आपला काय संबंध, असं म्हणून वाचक सुटला असता. सरास्ती आपल्याच वंशावळीतला आहे. जाणिवेचं ओझं आपल्याहून कमी आणि बुद्धी आपल्याहून जास्त. म्हणजे जाणीव नसलेल्यांची चाल पृथ्वीवरही यशस्वी होऊ शकते, हे त्याच्यामुळे दिसतं. काटकोनाचं म्हणाल तर कादंबरीच्या शेवटी लेखकाने लांबलचक टिपा दिल्या आहेत, शोधनिबंधांच्या संदर्भांसह. वॉट्स सागरी जीवशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस आहे, त्याने व्हॅम्पायरसुद्धा तितक्याच गंभीर चेहऱ्याने समजावलाय.

अर्धवट_वाचक, दृश्यवर्णनाच्या मुद्द्यावर: सिरी जे टिपतो ते माणसांच्या पृष्ठभागाचं. जागेचं नव्हे. त्याला खोलीचं काय?


अर्धवट_वाचक

पळवाट. पण सुंदर पळवाट.


मेंदूबाज

सांगण्याचं राहू द्या, मला भांडण गाभ्याशी आहे. तुम्ही दोघंही कल्पनेला नऊ-दहा देऊन मोकळे झालात, पण कल्पना तपासली कुणी?

कादंबरीचं नाव ज्या अवस्थेवरून आलंय ती खरी आहे. 1970च्या दशकात लॉरेन्स वाइसक्रान्ट्झ आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाचा अभ्यास केला. वैद्यकीय साहित्यात तो डीबी या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. मेंदूच्या मागच्या भागातला दृष्टीचा एक तुकडा शस्त्रक्रियेत काढल्याने त्याला नजरेच्या एका बाजूचं काही दिसत नव्हतं. पण 'ठिपका कुठे आहे, नुसता अंदाज करा' म्हटलं की त्याचं बोट बऱ्याचदा बरोबर जागी जायचं. दिसत नसून दिसत होतं. 2008 साली आणखी एका रुग्णाबद्दल प्रसिद्ध झालं. दोन्ही बाजूंची दृष्टी गेलेली, आणि तरी हा गृहस्थ वस्तू मांडून ठेवलेल्या बोळातून काठीशिवाय, कुठेही न धडकता चालत गेला. कादंबरीत श्पिंडेलला रोर्शाकमध्ये अचानक दिसेनासं होतं आणि तरी हात बरोबर वस्तूकडे जातो, तो प्रसंग इथूनच आलाय.

आता वॉट्स यातून काढतो काय? की जाणिवेशिवाय काम भागतं. पण डीबीची गोष्ट पूर्ण ऐका. त्याला विचारावं लागायचं. अंदाज करा असा आग्रह धरावा लागायचा. आंधळ्या बाजूला काही ठेवलं तर तो आपणहून ते उचलायला जात नव्हता, कारण तिथे काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. माहिती मेंदूत पोचलेली होती, पण तिच्या जोरावर बेत आखणं, ती दुसऱ्या कामासाठी वापरणं, तिच्यावर विसंबणं, हे होत नव्हतं. माझ्या मते हा पुरावा वॉट्सच्या बाजूचा कमी आणि विरोधातला जास्त आहे. जाणीव नेमकं काय करते हे डीबीने दाखवलं, ती नसली की काय अडतं तेही.

अर्ध्या मेंदूचंही तसंच. ही शस्त्रक्रिया खरोखर होते, गंभीर अपस्मार असलेल्या लहान मुलांवर. बरीच मुलं पुढे बोलतात, खेळतात, जीव लावतात. स्वभाव उरतो. सिरीसारखी कोरडी होत नाहीत.


शून्यवादी

डीबी हा मोडलेला माणूस. जाणिवेच्या भरवशावर बांधलेल्या यंत्रातून एक भाग काढला तर ते अडणारच. रोर्शाकमधले जीव मुळातूनच त्याशिवाय घडलेले आहेत, त्यांच्यात काही काढलेलं नाही. मोडक्या माणसावरून त्यांना जोखता येणार नाही.


मेंदूबाज

मग त्याच मोडक्या माणसाच्या आजारावरून कादंबरीचं नाव का ठेवलं? लागू पडतं तिथे पुरावा आणि अडतं तिथे अपवाद, असं चालणार नाही.


ओंजळ

इतक्या चर्चेत कुणीच भाषातज्ज्ञ सुझन जेम्सच्या प्रसंगाबद्दल बोललं नाही, मला तोच सर्वांत अंगावर आला. रोर्शाक 'थीसियस'शी संपर्क साधते ती अस्खलित इंग्रजीत. नम्रपणे, किंचित मिश्कीलपणे. बाई आणि तिच्या डोक्यातली मंडळी बोलत राहतात, खोचक प्रश्न टाकतात, शेवटी शिव्या देतात, आणि मग जाहीर करतात की पलीकडे समजणारं कुणीही नाही. नुसती वाक्यांची अदलाबदल चालू आहे. तत्त्वज्ञ जॉन सर्लने 1980 साली मांडलेली 'चिनी खोली' ती हीच: खोलीत बसलेल्या माणसाला चिनीचं अक्षरही येत नाही, पण नियमांचं पुस्तक बघून तो बाहेर बरोबर चिनी उत्तरं देतो.

2006 साली हा प्रसंग तत्त्वज्ञानाचा खेळ वाटला असेल. 2022च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि आता ज्याच्या त्याच्या खिशात एक रोर्शाक आहे. मला कादंबरी अवघड गेली नाही, उलट भीतीदायकरीत्या ओळखीची वाटली. उशिरा वाचल्याचा फायदा.


तिरकस

खिशातला रोर्शाक शिव्या दिल्यावर माफी मागतो. प्रगती आहे.


जुनं_खोड

ओंजळ म्हणतात तो प्रसंग मीही वाचला होता, सोडण्याआधी. तो चांगला आहे, कारण तिथे सगळं कळतं! कोण बोलतंय, का बोलतंय, निष्कर्ष काय. म्हणजे या लेखकाला सरळ सांगता येतं. मग बाकीच्या ठिकाणी न सांगणं ही निवड आहे आणि त्या निवडीचा मला त्रास झाला.


अर्धवट_वाचक

खोडसाहेब, अगदी हेच म्हणायचं होतं.

आणि आणखी एक ठिकाण आहे. चेल्सी. सिरीची जुनी प्रेयसी. ती एका भयंकर आजाराने मरते आहे, पुन्हा पुन्हा त्याला संपर्क करतेय, आणि हा पठ्ठ्या योग्य शब्द जुळवत बसलाय. कुठलं वाक्य बरोबर ठरेल याचे हिशेब मांडत. तेवढ्यात ती जाते. त्या पानांवर एकही अनाकलनीय वाक्य नाही. सिरी तिथेही तितकाच कोरडा आहे, पण मला रडू फुटलं. तर शून्यवादी, तुमचा युक्तिवाद इथेच कोसळतो. न समजणारा निवेदक ठेवूनही वाचकाला समजू देता येतं. वॉट्सने स्वतः करून दाखवलंय.


शून्यवादी

कोसळत नाही. चेल्सीचा प्रसंग सिरीच्या भूतकाळातला आहे, तो अनेकदा मनात घोळवून झालेला. यानातलं घडत असताना सांगितलेलं...


अर्धवट_वाचक

नाही नाही. सगळीच गोष्ट मागाहून सांगितलेली आहे. शेवटी सिरी एकटा छोट्या यानातून पृथ्वीकडे परत निघालाय आणि तिथून सांगतोय. यानातलंसुद्धा तितकंच घोळवून झालेलं असणार. शिवाय तोपर्यंत सरास्तीने त्याच्यावर अमानुष हल्ला करून त्याची ती काच फोडलेली आहे. म्हणजे सांगणारा सिरी हा घडताना असलेला सिरी नाहीच. त्याला आता आतून कळतं, म्हणून तर तो वाचकाला सारखं स्वतःला माझ्या जागी ठेवून बघा म्हणतो.


शून्यवादी

...हा विचार मी केला नव्हता. पण मग याच्यावरून उलटही म्हणता येईल. आता कळत असूनही तो मुद्दाम तेव्हाच्या न कळण्यातून सांगतोय, कारण त्याला आपल्याकडून तोच प्रवास करून घ्यायचाय. माझे दहा कायम.


मेंदूबाज

आणि सरास्तीमागे मुळात यानाचा संगणकच होता, हे शेवटी कळतं तेव्हा? मला तिथे वॉट्सने फसवल्यासारखं वाटलं. व्हॅम्पायर जाणिवेशिवायच्या यशाचा नमुना म्हणून उभा करायचा आणि शेवटी तो बाहुलं निघावा. मग वर शून्यवादींनी त्याच्या बाजूने केलेला बचाव कुठे उरतो?


ओंजळ

उरतो, कारण संगणकालाही जाणीव असल्याचं कुठे म्हटलंय. सूत्र हलवणाराही रिकामाच.

बाय द वे, ज्यांना वाचायची आहे त्यांनी विकत घेण्याआधी चाखून बघा. लेखकाने अख्खी कादंबरी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत ठेवली आहे. पहिली चाळीसेक पानं सहन झाली तर पुढे जा.


जुनं_खोड

पुढच्या भागाचं काय? कुणी वाचलाय? तो तरी सरळ आहे का?


शून्यवादी

'एकोप्रॅक्सिया', 2014. तिथे नायक साधा माणूस आहे, मेंदूत काहीही बसवून न घेतलेला जीवशास्त्रज्ञ. भोवती सगळे त्याच्याहून हुशार, आणि त्याला कुणीच काही समजावून सांगत नाही.


जुनं_खोड

म्हणजे मीच. राहू द्या.