मदत हवी आहे: खांद्याच्या टेंडनवर पॅच लावावा का?

आईच्या खांद्याचं रोटेटर कफ (सांधा धरून ठेवणारे स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणारे पट्टे, म्हणजे टेंडन) फाटलंय. त्यातल्या सुप्रास्पिनेटस या वरच्या स्नायूचं टेंडन हाडापासून सुटून मागे सरकलंय, फट ३ सेंमीपेक्षा मोठी. सर्जन दुर्बिणीतून टाके घालून वर दान केलेल्या मानवी त्वचेचा, पेशी काढून टाकलेला पॅच शिवायचं म्हणतात. मोठी फाट पुन्हा उसवण्याची भीती असते आणि पॅच टाक्यांवरचा ताण वाटून घेतो, हे पटतं. पण डुकराच्या आतड्यापासून बनवलेल्या जुन्या पॅचने काही रुग्णांना जोरदार सूज आली होती, म्हणून धाकधूक वाटते. मानवी त्वचेचा हा पॅच कुणी लावून घेतलाय का? हात झोळीत किती आठवडे होता? वर्षभराने हात डोक्याच्या वर जातो का? फिजिओथेरपिस्ट असाल तर, पॅचमुळे व्यायाम उशिरा सुरू करावे लागतात का, तेही कृपया सांगा.