शिंगवाला सरडा गोव्यात मिळेल का?

प्रश्न (सत्तरी): श्रीलंकेतला फोटो पाहिला. शेवाळलेल्या खोडावर सरडा, नाकावर गेंड्यासारखं पांढरं शिंग! आमच्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) असा कधी दिसेल का?

उत्तर: नाही हो. तो सेराटोफोरा स्टॉडार्टी, १८३४ मध्ये ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने नोंदवलेला. श्रीलंकेच्या मध्यवर्ती डोंगरांतल्या थंड, धुकट रानातच राहतो. नराचं शिंग लांब, मादीचं आखूड, कधी नसतंच. या वंशातले सगळे सरडे तिथलेच. चहामळ्यांसाठी ती रानं तुटली, याचं फार वाईट वाटतं.

उत्तर: शिंगवाला नाही, पण पोफळीच्या खोडाकडे बघा, भाऊ. आपल्याकडचा उडता सरडा सालीत मिसळून जातो. नराने पिवळी गळपिशवी बाहेर काढली की मगच कळतं.

प्रश्नकर्ता: पिवळं काहीतरी हललेलं पाहिलंय! उद्या सकाळीच बघतो.