'डाउट' आणि 'सस्पेक्ट', दोन्हींना संशयच?

अर्धविराम:
परदेशातल्या एका सहकारी बाईंच्या अहवालातला तक्ता मला कळेना. मेल केला, 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर फिगर्स.' मनात एवढंच की हा आकडा कसा आला ते जरा सांगा. बाईंनी सगळी मूळ कागदपत्रं जोडली आणि खाली एकच कोरडी ओळ लिहिली: आकडे दोनदा तपासले आहेत. शाळेपासून हात वर करून 'सर, डाउट आहे' म्हणत आलोय, कधी कुणी दुखावलं नाही. कोश उघडला तर 'डाउट'पुढेही संशय, 'सस्पेक्ट'पुढेही संशय. आता काय समजायचं?

तिरपी रेघ:
तुम्ही शंका विचारलीत, त्यांना वाटलं शंका घेतलीत. मराठीत क्रियापद बदललं की भागतं, तिथे शब्दच बदलावा लागतो. 'डाउट' म्हणजे प्रश्न, हा आपल्या भारतीय इंग्रजीतला वापर. ब्रिटिश-अमेरिकन कानाला त्यात अविश्वासच ऐकू येतो. 'आय हॅव अ क्वेश्चन' लिहा. पण 'आय क्वेश्चन युअर फिगर्स' लिहू नका हो, पुन्हा तेच होईल!

'सस्पेक्ट'चं म्हणाल तर कोशाने तुम्हाला फसवलंय. 'आय डाउट ही टुक इट' म्हणजे त्याने घेतलं नसावं. 'आय सस्पेक्ट ही टुक इट' म्हणजे त्यानेच घेतलं असावं. मी 'नसावं' आणि 'असावं' एवढंच लक्षात ठेवते. 'मला त्याचा संशय आहे' हा नेहमी 'असावं'वाला, म्हणजे सस्पेक्ट.

जुनी वही:
यात स्कॉटलंडची माणसं आणू नका म्हणजे झालं. तिथे 'आय डाउट इट्ल रेन' म्हणजे पाऊस येणारसं दिसतंय! 'डाउट'ला पूर्वी धास्तीचाही अर्थ होता, तो तिकडे टिकला. फ्रेंचांची तर आणखी तऱ्हा: 'दुते' म्हणजे शंका असणं, त्याला 'स' जोडून 'स दुते' केलं की अंदाज असणं.

अर्धविराम:
नसावं, असावं. हे डोक्यात बसलं. बाईंना आत्ताच 'आय सस्पेक्ट देअर इज अ मिस्टेक' असं लिहायला घेतलं होतं. म्हटलं, नको, आधी इथे विचारू.

तिरपी रेघ:
पाठवलं नाहीत ना? 'चूक असावी' असं थेट म्हणताय तुम्ही!