मदत हवी आहे: विहिरीत पुराचं पाणी गेलंय, ब्लीचिंग पावडर किती टाकू? लवकर सांगा

दूधगंगाकाठ:
सदलग्याजवळ आहे. रात्रीत पाणी चढलं आणि विहीर बुडाली ओ. लाईट नाही, नळ बंद, पावडरची पिशवी मिळालीय पण किती टाकायची ते कोण सांगंना. रेंज येते जाते, पटकन सांगा.

निपाणी_मास्तर:
विहीर केवढी, पाणी किती खोल ते टाका की. पिशवी उघडी राहिलेली असली तर क्लोरीन उडून गेलेला असतो, ते पण बघा.

दूधगंगाकाठ:
आठ फूट रुंद, पाणी काठोकाठ, भोवतीनं पण पाणीच. किती चमचे तेवढं सांगा.

रानवाट_खानापूर:
तुरटी फिरवा. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या तेच करतात, पाणी एकदम नितळ होतं. वरनं तांब्याच्या हंड्यात ठेवा.

वैनी_चिकोडी:
तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. आधी तुरटी, मग वरचं निवळ पाणी काढून त्यात क्लोरीन, असा क्रम ठेवा, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतो.

रानवाट_खानापूर:
आम्ही तेच पिऊन मोठे झालो, कुणाला काय झालं नाही.

वैनी_चिकोडी:
झऱ्याचं पाणी वेगळं आणि पुराचं वेगळं. ह्यात संडासाच्या टाक्या, गोठे, शेतातली औषधं सगळं मिसळलेलं असतं. औषध तर उकळून पण जात नाही.

निपाणी_मास्तर:
हिशोब १००० लिटरला अडीच ग्रॅम, पण तो स्वच्छ विहिरीचा. पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरून ढवळायची, चुना खाली बसला की वरचं निथळ पाणीच विहिरीत सोडायचं आणि तासभर थांबायचं. तुमच्याकडं भोवतीनं पाणी आहे तोवर टाकून उपयोग नाही. पूर ओसरला की उपसा आणि मगच टाका.

संकेश्वरकर:
अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर कोण बोलणार का नाही? २०१९ ला हेच, २०२१ ला हेच.

निपाणी_मास्तर:
त्याचा वेगळा धागा काढा ओ, इथं माणसं तहानलेली आहेत.

दूधगंगाकाठ:
म्हणजे आत्ता प्यायचं काय? गॅस संपत आलाय, बाळाला पावडरचं दूध आहे.

वैनी_चिकोडी:
बाळाचं आधी सांगायचं की! गॅस फक्त त्याच्यासाठी ठेवा. पाणी खळखळ उकळल्यावर एक मिनिट उकळू द्या, गरम असतानाच पावडर कालवा, कोमट झाल्यावर पाजा. बाटली, बूच पण उकळा. मोठ्यांना क्लोरीनच्या गोळ्या, किती लिटरला एक ते पाकिटावर बघा, अर्धा तास थांबा. पाऊस चालू आहे ना? विहिरीचं सोडा, पावसाचं धरा.

दूधगंगाकाठ:
पाऊस धो धो आहे. पत्रा सिमेंटचा आहे, जुना. चालतो का?

वैनी_चिकोडी:
पत्र्याचं नको. धुतलेली ताडपत्री चार कोपऱ्यांना बांधा, मधे खोलगट ठेवा, पहिलं पाणी जाऊ द्या, मग घागर लावा. गोळी त्यात पण टाकायची. पाकीट कन्नडमध्ये असलं तर फोटो टाका, मी वाचून सांगते.