घरीच वाघोबा थीम बर्थडे करायचाय, आयडिया द्या ना

पोरगा मे मध्ये ४ वर्षांचा होतोय, पेंचच्या जंगलात जाऊन आल्यापासून नुसतं वाघ वाघ चालूय, १५ लेकरं येतील, हॉल नको म्हणतोय आम्ही. काय काय करू?

— नागपूरच्या इतवारी बाजारातून केशरी कार्डशीट आण, होलसेलमध्ये स्वस्त पडते. पेपर प्लेटचे मुखवटे डोळे कापून तयार ठेव अन् काळे पट्टे पोट्ट्यांनाच रंगवू दे, तेवढाच अर्धा तास शांत जाते (भिंती सांभाळ).

— गच्चीवर फुगे नको लावू बाप्पा, ४५ डिग्रीत फटाफट फुटतात. कूलरसमोर पताकाही नको. सहानंतरच बोलाव सगळ्यांना.

— क्रीमचा केक वितळेल ना उन्हाळ्यात! संत्रा बर्फीवर चॉकलेट सिरपचे पट्टे ओढ, झाला वाघ. मोठ्यांना तर्री पोहे, पोरांसाठी बिनतर्रीचे.