वेब्ली नव्हे, एनफिल्ड
इथे फोटो टाकून ‘हे रिव्हॉल्व्हर कोणतं?’ असं विचारलंय. ते वेब्ली मार्क ४ आहे असं वर तिघांनी लिहिलंय, पण मला ते एनफिल्ड नंबर २ वाटतं; दोन्ही जुनी ब्रिटिश रिव्हॉल्व्हरं. दोन्ही .३८ कॅलिबरची (म्हणजे गोळीच्या मापाची), सहा गोळ्यांची, नळी खाली झुकवून गोळ्या भरायची, त्यामुळे गफलत सहज होते. दोन्ही बाजू नीट बघा. एनफिल्डला एका बाजूला स्क्रूने बसवलेली, सुटी होणारी पट्टी असते, वेब्लीला नसते. घोड्याखाली (घोडा म्हणजे मागून गोळीवर आपटणारा भाग) मुकुटाची खूण, ‘एनफिल्ड’ आणि साल कोरलेलं दिसेल. आणि घोड्याला अंगठ्याने ओढायची शेपटी नाहीये ना? मग हा १९३८पासूनचा सुधारित प्रकार. रणगाड्याच्या अरुंद जागेत ती शेपटी कुठेही अडकायची, म्हणून काढली. फक्त कृपा करून ते पॉलिश करू नका, खुणा पुसल्या जातात!